पाथरीचें वतन

परदेशीं गेलेला मनुष्य तेथें स्थिरस्थावर झाला, म्हणजे घरच्या माणसांना जवळ आणण्याचा विचार त्याच्या मनांत येऊं लागतो. परंतु ओढ आणि भेट यांच्यामध्यें एक हिशेब उभा असतो. ब्रिटनच्या सरकारनें इ. स. २०१२ मध्यें असा नियम केला कीं, पति किंवा पत्नीस परदेशांतून बोलावणाराचें वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असलें पाहिजे, इ. स. २०२४ च्या एप्रिलमध्यें हीच मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यांत आली. आंकडे बदलतात, देश बदलतात. प्रश्न मात्र एकच राहतो. येणाऱ्या माणसांचा योगक्षेम कोण चालविणार, आणि कशाच्या बळावर?

पांचशें वर्षांपूर्वीं दक्षिणेंतील एका घराण्यापुढें हाच प्रश्न आला होता. त्या घराण्याचा कर्ता पुरुष होता अहमदनगरचा सुलतान, आणि त्याचे आप्त होते पाथरीचे कुळकर्णी.

पाथरी हें आजच्या परभणी जिल्ह्यांतील, गोदावरीच्या उत्तरेस वसलेलें गांव. बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हां तें वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेलें. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणें, या गांवचें कुळकर्ण पूर्वीं एका ब्राह्मण कुटुंबाकडे होतें. पुढें तें कुटुंब गांव सोडून विजयनगरच्या राज्यांत जाऊन राहिलें. बहमनी सुलतान अहमदशहा यानें विजयनगरावर स्वारी केली, तींत या कुटुंबांतील तिमाप्पा नांवाचा मुलगा कैद झाला. बेदरास नेल्यावर तो मुसलमान झाला व मलिक हसन हें नांव त्याला मिळालें. राजपुत्राच्या सहवासांत तो फारसी शिकला. बापाचें नांव भैरव. त्याचाच अपभ्रंश होऊन मुलाला ‘बहरी’ म्हणूं लागले, असें सांगतात. बहरी म्हणजे ससाणा. म्हणून ससाण्यांची देखरेख त्याच्याकडे होती, असा दुसराही अर्थ लावितात.

हा मलिक हसन पुढें निजाम-उल्-मुल्क झाला, आणि महमूद गावानाच्या वधानंतर बेदरच्या कारभाराचीं सूत्रें त्याच्या हातीं आलीं. इ. स. १४८६ मध्यें त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें इ. स. १४९० मध्यें स्वतंत्र राज्य स्थापिलें आणि चार वर्षांनीं अहमदनगर वसविलें. कैदी होऊन परमुलखांत गेलेल्या मुलाचा वंश तिसऱ्या पिढींत सिंहासनावर स्थिर झाला. अहमदाचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा अल्पवयांत गादीवर आला, आणि राज्याचा भार मुकम्मलखान या वजिरानें वाहिला.

घराण्याचा असा उत्कर्ष झाल्याचें ऐकून पाथरीच्या मूळ कुळांतील आप्त अहमदनगरास आले. मधल्या काळांत धर्म बदलला होता, भाषा बदलली होती. तरी नात्याची ओळख दोन्ही बाजूंनीं पुसली गेली नव्हती. आतां या मंडळींची सोय काय लावावयाची? सुलतानाच्या खजिन्यांत पैशाची वाण नव्हती. परंतु दरबारचा तनखा धन्याच्या मर्जीवर चालतो, आणि धनी बदलला कीं बंद होतो. वतनाची गोष्ट निराळी. कुळकर्ण्यानें गांवचा हिशेब लिहावा, आणि त्याबद्दल पिकांतील हक्क व इनाम जमीन पिढ्यान् पिढ्या भोगावी. वतनदार परागंदा झाला, तरी त्याच्या वंशजांचा दावा सहसा मरत नसे. नोकरीनें एक पुरुष पोसला जातो, वतनानें कुळ पोसलें जातें. म्हणून आप्तांना हवें होतें तें पाथरींतील जुनें वतन. आणि पाथरी होती परक्याच्या राज्यांत.

अहमदनगरच्या दरबारानें प्रथम मार्ग धरला तो देवघेवीचा. पाथरी आम्हांस द्यावी, तिच्या मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा परगणा घ्यावा, असें वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहास लिहिण्यांत आलें. नुसत्या वसुलाच्या दृष्टीनें पाहतां सौदा इमादशहाच्या फायद्याचा होता. परंतु राज्याची सीमा कांहीं वसुलाच्या कागदावर ठरत नाहीं. आज पूर्वजांच्या गांवासाठीं पाथरी द्यावी, तर उद्यां शेजारी आणखी काय मागेल? इमादशहानें नकार दिला आणि पाथरीच्या किल्ल्याची मजबुती केली. मग पत्रांचें काम संपलें. इ. स. १५१८ मध्यें बुऱ्हाणाच्या फौजेनें अचानक चाल करून पाथरी घेतली.

येथून खर्चाला आरंभ झाला. इ. स. १५२७ च्या सुमारास इमादशहानें गोवळकोंड्याच्या कुत्बशहाची मदत घेऊन पाथरी परत जिंकली. बुऱ्हाणानें बेदरच्या अमीर बरीदास मिळवून घेऊन ती पुन्हां सोडविली आणि तेथील किल्ला जमीनदोस्त केला. पुढें माहूरही घेतलें. हताश झालेल्या इमादशहानें गुजराथच्या बहादूरशहास हांक मारली. इ. स. १५२८-२९ मध्यें बहादूरशहा मोठ्या सैन्यानिशीं दक्षिणेंत उतरला, आणि आपल्याच राज्यांत त्याच्या नांवें खुत्बा वाचविण्याची पाळी बुऱ्हाणावर आली. खुत्ब्यांत ज्याचें नांव, त्याचें राज्य, असा तो काळ. एका परगण्याच्या हट्टापायीं सुलतानास स्वतःचें स्वातंत्र्य कांहीं काळ कां होईना, गहाण ठेवावें लागलें.

आप्तांचा हेतु मात्र सिद्धीस गेला. बुऱ्हाणानें पाथरी आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम करून दिली, आणि अकबराच्या अमदानीपर्यंत ती त्यांच्या वंशाकडे चालली, असें फिरिश्ता लिहितो. निजामशाहीच्याच आश्रयानें लिहिलेल्या ‘बुऱ्हान-इ-मासिर’ या ग्रंथांत या घराण्याचा संबंध बहमनी राजवंशाशीं जोडलेला आहे. दरबारी लेखकाला राजरक्ताचा मोह पडावा हें स्वाभाविक आहे. परंतु खुद्द सुलतानानें एका आडबाजूच्या गांवासाठीं जें केलें, तें फिरिश्त्याच्या बाजूनें बोलतें. पुढें पाथरीवर मोंगलांचा अंमल बसला आणि ती वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार बनली. निजामशाहीही सतराव्या शतकांत लयास गेली.

या व्यवहाराचा ताळेबंद मांडूं गेल्यास एक गोष्ट डोळ्यांत भरते. आजचा कायदा बोलावणाराच्याच मिळकतीचा झाडा घेतो. त्याचा कांटा पुष्कळदां कठोर ठरतो, आणि थोड्या पौंडांसाठीं पतिपत्नींना दोन देशांत राहावें लागतें. बुऱ्हाणाचा झाडा घेणारें कोणी नव्हतें. त्याची ओढ खरी होती, आप्तांची गरजही खरी होती. पण त्यांच्या योगक्षेमाची किंमत त्याच्या एकट्याच्या थैलींतून गेली नाहीं. ती तटाखालीं पडलेल्या शिपायांनीं दिली, आणि दहा वर्षांत तीनदां धनी बदललेल्या पाथरीच्या रयतेनें दिली. कुळकर्ण्याच्या दप्तरांत गांवची पै न् पै लिहिली जाई. हा खर्च मात्र कोणत्याच दप्तरांत चढला नाहीं.