थांबलेलं चाक आणि थांबलेली गाडी



टेंभी नाक्यावर व्याख्यान, आणि विषय चाकाचा, म्हणजे 16 एप्रिल 1853 ही तारीख टाळता येणार नाही. त्या दिवशी बोरीबंदरहून तीन इंजिनं चौदा डबे ओढत इथून हाकेच्या अंतरावर आली. ती गाडी चालली कशी, हे आपण शाळेत शिकलो. ती थांबली कशी, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. त्या काळी माणसं हाताने दांडा फिरवायची, ब्रेकचा ठोकळा चाकावर दाबला जायचा, आणि गाडी हळूहळू थांबायची.

थांबवण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला आणि बैलगाड्या घाट उतरू लागल्या. चाक मोकळं सोडलं तर गाडी बैलांच्या अंगावर जाते. चाक बांधून टाकलं तर ते फरफटतं, आणि लोखंडी धाव एकाच जागी झिजते. धाव हा शब्द पाहा. चाकावरच्या लोखंडी पट्टीला आपण धाव म्हणतो. ती धावली तर सगळीकडून सारखी झिजते, अडकली तर एकाच जागी. यावर तोड म्हणून चाकाखाली लोखंडी पट्टी सरकवत. म्हणजे झिजायचं ते पट्टीने झिजावं, चाकाने नाही.

1863 मध्ये याच घाटातून रेल्वे गेली. चढ सदतीसास एक. तिथे उतारावर निसटत्या गाडीसाठी चढे फाटे काढले. सांधा एरवी फाट्याकडेच लावलेला असे. गाडी आधी थांबली, ताब्यात आहे असं दिसलं, तरच मुख्य मार्ग मिळायचा. विश्वास आधी नाही, पुरावा आधी! हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1878 मध्ये इंग्लंडमध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ब्रायटनच्या रेल्वेवर प्रयोग केले. निष्कर्ष असा की चाक फिरत असताना ब्रेक जितका रोखतो, तितका ते जाम होऊन घसरू लागल्यावर रोखत नाही. दुसरी गोष्ट, वेग कमी होत जातो तशी ठोकळ्याची पकड वाढते. म्हणून वेगात असताना योग्य असलेला दाब शेवटी शेवटी चाक जाम करतो. आपल्याला वाटतं चाक थांबलं म्हणजे गाडी थांबली. तसं नाही हो! चाक थांबतं आणि गाडी पुढे जात राहते. रुळावर घासून चाक चपटं होतं. लोकलमध्ये कधी खालून ठराविक तालात ठकठक ऐकू येते ना, ती बऱ्याचदा अशा चाकाची.

पण मग ब्रेक सौम्य ठेवावेत का? 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर गाडी तोडली, मागचे डबे सुटले आणि सुमारे 80 माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. नळी तुटली, हवा गेली, की ब्रेक लागलाच पाहिजे. बोरघाटातल्या सांध्याचंच हे तत्त्व.

आजचा ट्रेलर त्याच घराण्यातला. न्हावाशेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि कंटेनरचे ट्रेलर आपल्या घोडबंदर रस्त्यावरून गुजरातकडे जाऊ लागले. ट्रेलरच्या पार्किंग ब्रेकमध्ये स्प्रिंग असते, हवा तिला दाबून ठेवते. हवा गळली की स्प्रिंग सुटते, चाकं जाम होतात, टायर रस्त्यावर घासतो आणि एका जागी चपटा होतो.

अशा वेळी बरेचदा ड्रायव्हरवर खापर फुटतं, टायरचे पैसे त्याच्या पगारातून कापले जातात. पण आधी टायर नीट वाचावा. सगळ्या चाकांवर चट्टे असतील तर दोष सामाईक: हवेची नळी, रिले व्हॉल्व्ह, किंवा हवा पुरती भरण्याआधीच गाडी हलवली. एकाच चाकावर असेल तर दोष तिथलाच: स्लॅक ॲडजस्टर जास्त आवळलेला, कॅमशाफ्ट कोरडा, ड्रम वेडावाकडा, परतीची स्प्रिंग मोडलेली. आणि रिकाम्या फेरीतच होत असेल तर भरल्या वजनाचा ब्रेक हलक्या धुरीवर पडतोय. ओल्या रस्त्यावर तर तेवढंच पुरतं.

यावर एक सोपा उपाय सर्रास सांगितला जातो: ट्रेलरचे ब्रेक ढिले करून टाका, टायर वाचेल. टायर वाचतो हे खरं. मग पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर सगळा भार पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येतो, आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत नेतो. बैलांच्या अंगावर जाणारी तीच गाडी, फक्त आता समोर रिक्षा आहे, स्कूटर आहे.

1878 च्या प्रयोगाला उत्तर म्हणून पुढे एबीएस आलं. चाक जाम व्हायला लागलं की ते दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. घाटातला चांगला गाडीवान दोरी अशीच धरतो.

म्हणून झिजलेला टायर पाहून आधी ब्रेक ढिला करू नका, आणि आधी माणसाचा पगारही कापू नका. कोणतं चाक थांबलं आणि का थांबलं, ते विचारा. टायर नवा मिळतो. बाकी सगळं मिळत नाही.