तुकोबांचे पागोटे आणि काळ्या पट्ट्या

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास पोचते. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ टीव्हीवर लागलेला असतोच. मात्र हल्लीच्या रुंद पडद्यावर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा एका घरी पैलवानासारखे गरगरीत दिसतात, तर शेजारच्या घरी त्यांचे पागोटेच वरून छाटलेले असते. टीव्ही दोन्हीकडचे नवे कोरे!

ह्या भानगडीचे मूळ शोधायला एडिसनच्या कारखान्यात जावे लागते. त्याचा मदतनीस डिक्सन ह्याने १८९२ च्या सुमारास ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर दर चित्रामागे चार भोके धरली, आणि चित्र चार भाग रुंद व तीन भाग उंच झाले. बोलपट आल्यावर त्यात किंचित फरक पडला, एवढेच. पुढे टेलिव्हिजननेही तोच आकार उचलला. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेले मुंबई दूरदर्शनही त्याच आकाराचे.

मौज अशी की, ह्या घरबसल्या करमणुकीने अमेरिकेतली थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा निर्मात्यांनी १९५३ मध्ये ‘द रोब’ हा सिनेमास्कोप चित्रपट काढून पडदाच लांबरुंद केला. आपल्याकडे गुरुदत्तने १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ ह्याच पद्धतीने काढला. आता चौकोनी आणि लांबट अशी दोन घराणी झाली. १९८० नंतर केर्न्स पॉवर्स ह्या अमेरिकन इंजिनिअराने निरनिराळ्या आकारांच्या चौकटी एकमेकींवर ठेवून १६ रुंद, ९ उंच असा मध्यम आकार काढला. आपल्या भिंतीवरचा टीव्ही म्हणजे ही सोयरीक जुळवण्यासाठी केलेली तडजोड आहे!

हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. नऊ उंचीच्या पडद्यावर जुने चित्र बारा भाग रुंद बसते. उरलेले दोन-दोन भाग दोन्ही कडांना काळे राहतात. आमच्या लोकांना ते खपत नाही. ‘पैसे अख्ख्या पडद्याचे मोजलेत!’ म्हणतात. मग बाराचे सोळा ताणले की तुकोबा तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतात. न ताणता ‘झूम’ केले, तर उंचीतले रुपयातले चार आणे कापले जातात. शेवटी गरुडविमान वर जाते, तेव्हा आकाश आणि खालची माणसे एकाच चित्रात असावी लागतात. ही कात्री नेमकी त्यांवरच चालते.

तेव्हा रिमोटवर चित्राच्या आकाराचे बटण वा यादी शोधून जुन्या चित्रपटाला ४:३ लावावे. नव्या कार्यक्रमाच्या कडा, खालची अक्षरे कापली जात असतील, तर १६:९ बरोबर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असे काही सापडते. नाव कंपनीगणिक बदलते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा मुद्दाम चौकटीआड दडवीत, ती खोड नव्या टीव्हीतही उरली आहे. चारही बाजूंनी काळे दिसले, तर सेट-टॉप बॉक्स अजून ४:३ वर आहे असे बहुधा समजावे. तो आधी १६:९ करावा. मात्र कुणी मूळ चित्रच छाटून पाठवले असेल, तर कोणत्याच बटणाने पागोटे परत येत नाही. दुसरी प्रत शोधावी.