मेळ्यातला आजार कोण मोजतो?

एप्रिल १८६७ मध्ये हरिद्वारच्या कुंभात कॉलरा पसरला. यात्रेकरू घरी निघाले तसा रोगही त्यांच्याबरोबर पंजाबपर्यंत गेला. कुठे किती दगावले याचा हिशेब झाला, पण मागाहून, सरकारी अहवालात. गेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

२००९ च्या हजला स्वाइन फ्लूची धास्ती होती. तेव्हा सौदी आरोग्य खात्याने रुग्णांच्या नोंदी मोबाइल फोनवर घेतल्या. २०१५ साली आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभात काही दवाखान्यांत टॅबलेट आले. जुलाबाचे रुग्ण कुठे वाढताहेत ते त्या त्या दिवशीच कळावे, ही योजना. मात्र दारात रांग लागलेली असताना डॉक्टरला चार खुणा करण्यापलीकडे सवड नसते. अ‍ॅप रचणाऱ्याने आधी ती रांग पाहावी, असे आम्हाला वाटते.

शोमरोन्याने जखमीचे नाव विचारल्याचे लूक सांगत नाही. अशा नोंदीलाही नाव लागत नाही. वय आणि तक्रार पुरते. पण उतारशाळेच्या मालकाला तो सांगून गेला, हे महत्त्वाचे. ३ डिसेंबरला जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आपल्यापैकी जे प्रथमोपचाराच्या टेबलाशी बसतील, त्यांची वही संध्याकाळी कोणाच्या हाती जाईल, ते आताच ठरवू या.