दवाखान्याची किल्ली

इंदूरला माझी आत्या राहायची. सुट्टीत गेलो की होळकरांच्या नावाची महाराजा यशवंतराव रुग्णालयाची उंच इमारत दाखवून ती म्हणे, "हा आमचा एम. वाय."

1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि या एम. वाय.मधले उंदीर एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. (ते काय त्याच वर्षी आले होते?) जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी रुग्ण दुसरीकडे हलवून इमारत रिकामी केली, उंदीर मारले, साठलेला कचरा उपसला. पण पुढे काय? रुग्णांकडून जमलेली फी सरकारी तिजोरीत जाणार आणि बारीकसारीक दुरुस्तीलाही वरून मंजुरी लागणार. त्यातून 1995 मध्ये 'रोगी कल्याण समिती' निघाली. डॉक्टर, अधिकारी, लोकप्रतिनिधी, नागरिक एकत्र बसतील, फी ठरवतील आणि जमलेला पैसा तिथेच खर्च करतील. गरिबांना फी माफ. 'गरीब कोण' हे खिडकीवरचा कारकून ठरवणार, ही खोच मला तेव्हापासून टोचते.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हीच कल्पना देशभर नेली. उपकेंद्राला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी, खातं नर्सबाई आणि सरपंच यांच्या नावे. प्राथमिक आरोग्य केंद्राला 25,000.

आणि 2025 मध्ये त्याच एम. वाय.मध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं गेली. सफाईचं काम कंत्राटदाराकडे होतं. कारवाईत परिचारिकाही निलंबित झाल्या. कंत्राटदार बदलणं काही परिचारिकेच्या हातात नसतं.

तरी मी वरच्यांनाच दोष देत बसणार नाही. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्राच्या समितीवर मी होतो. बाळंतपणाच्या खोलीतला इन्व्हर्टर बंद पडला. खात्यात पैसे होते, अधिकारही आमचाच होता. डॉक्टर म्हणाले, "सर, उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलं तर?" सगळे गप्प. नर्सबाई तेवढ्या म्हणाल्या, "मी मेणबत्ती धरते, पण टाके कसे घालायचे?" ठराव मी लिहून दिला असता तर तिथेच काम झालं असतं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, तेव्हा मात्र हात उचलला नाही. "तालुक्याला विचारून घेऊ," असं मीच म्हणालो.

इन्व्हर्टर बसला, पण तोवर दिवाळी उलटून गेली होती.