वेल्डरच्या काळ्या काचेचा इतिहास



मराठीच्या अध्यापकाने वेल्डिंगवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले उद्यमबागेतील कारखान्यांत गेली. बेळगावचा अर्वाचीन इतिहास केवळ नाट्यगृहे व वाचनालये यांचा लिहून भागणार नाही.

विस्तवाचा चटका तत्क्षणी कळतो. विद्युत्-ज्योतीने डोळ्यांवर केलेला आघात मात्र बहुधा सहा ते बारा तासांनी, ऐन रात्री जाणवतो. वाळू भरल्यागत डोळे खुपतात, पाणी वाहते, दिव्याकडे बघवत नाही. दुपारचा उजेड आणि रात्रीची वेदना यांतील दुवा नेमका हाती यावयास शास्त्राला सुमारे अर्धे शतक लागले. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने 1843 मध्ये अशा प्रकाशाने डोळ्यांना होणाऱ्या पीडेची नोंद केली. 1858 मध्ये शार्को या वैद्याने प्रयोगशाळेत असेच पोळलेले दोघे रसायनज्ञ पाहिले आणि दोष उष्णतेचा नसून अदृश्य ‘रासायनिक’ किरणांचा असावा, असे अनुमान केले. 1889 मध्ये स्वीडनच्या विडमार्कने जंबुपार किरणांचा हा अपराध प्रयोगाने दाखविला.

तोवर रशियात बेनार्डोसने कर्बकांडीच्या ज्योतीने धातू सांधण्याची रीत काढलीही होती. ग्रीकांच्या लोहारदेवावरून त्याने तिचे नाव ‘इलेक्ट्रोगेफेस्ट’ ठेविले. आपण तिला विश्वकर्म्याचे नाव दिले असते. पण मराठीत ‘वेल्डिंग’च रुळले आणि त्यात मला गैर वाटत नाही.

आता काचेकडे वळू. हिची जन्मकथा वेल्डरांपासून नव्हे, काच-कारागिरांपासून सुरू होते. भट्टीतील लालबुंद रसाकडे वर्षानुवर्षे पाहून त्यांना मोतीबिंदू होई. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये सर विल्यम क्रुक्स यांनी तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा ओतून पाहिल्या आणि 1913 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. सीरियमने जंबुपार किरण अडतात, लोहाच्या विशिष्ट संयुगाने उष्णताकिरण अडतात, हे त्यांनी दाखविले. माझ्या मते या कथेतील खरा शोध हाच: काचेचा काळेपणा निराळा आणि तिची राखण निराळी. ग्रहण पाहण्यासाठी काजळी धरलेली काच वापरणाऱ्या आपल्या पिढीला हे कोणी सांगितले नव्हते. काजळी झगमगाट लपवते. अदृश्य किरण अडतीलच, याची हमी देत नाही. नुसता काळा गॉगल घालून वेल्डिंग करणाऱ्याचीही तीच गत. रॉडच्या नेहमीच्या वेल्डिंगला साधारणतः 10 ते 12 क्रमांकाची प्रमाणित काच लागते. क्रमांक प्रवाहाच्या अँपिअरप्रमाणे वाढतो.

1981 मध्ये स्वीडनमध्ये ज्योत पेटताच आपोआप काळवंडणारी काच बाजारात आली. ती काळवंडलेली नसतानाही तिच्यातील गाळणी जंबुपार व उष्णताकिरण अडवीतच असते. बदलतो तो फक्त दृश्य उजेड.

मात्र ही काच ज्याच्या चेहऱ्यावर असते, त्याचेच रक्षण करते. शेजारी पत्रा धरून उभ्या राहिलेल्या हेल्परपुढे, सोळा-सतरा वर्षांच्या पोरापुढे, पुष्कळदा काहीच नसते. तो मान वळवितो, एवढेच. रात्री डोळे पेटले की घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. एक-दोन दिवसांत बहुधा आराम पडतो, श्रेय चकत्यांना जाते आणि तिसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा पत्रा धरावयास जातो. या सभागृहात कारखान्यांचे मालक झालेले माझे विद्यार्थी बसले आहेत. आपल्या शेडमध्ये माणसे किती आणि मुखवटे किती, हे त्यांनी उद्या सकाळी मोजावे.