दोन इंचांतले अंबरनाथ

भरतकामाच्या छोट्या किटमध्ये ‘मध्ययुगीन’ म्हणून येतात ते बहुधा युरोपातले किल्ले आणि ढाली. तिकडचा मोठा नमुना म्हणजे बायो टॅपेस्ट्री. १०६६ सालच्या इंग्लंडविजयाची ही सुमारे ७० मीटर लांब पट्टी. नाव टॅपेस्ट्री, पण ते लिननवर लोकरीने केलेले भरतकाम आहे.

त्याच काळातले आपले मध्ययुग कोपरहून सहाव्या स्टेशनावर आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, राज्य शिलाहारांचे. मग किट तेच ठेवून नक्षी आपली का घालू नये?

अडचण मापाची आहे. १४ काउंटच्या कापडात इंचाला १४ घरे, दोन इंचांत २८. एवढ्यात मूर्तीचा चेहरा मावत नाही, गोलाईच्या पायऱ्या होतात. मग ठेवायचे काय? तर रचना. हे शिखर भूमिज पद्धतीचे: चारही बाजूंना मधोमध वर जाणारा पट्टा आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी. लहान प्रतिकृती पुन्हा पुन्हा मांडायची युक्ती त्या कारागिरांनीच दाखवून ठेवली आहे. एक शिखर पाच घरांत बसवा आणि मोजत वर चला. धारवाडकडच्या कसूतीतही गोपुरे अशीच, कापडावर काही न छापता, धागे मोजून भरतात.

आता खरा प्रश्न. या शिखराचा वरचा भाग आज नाही. कापडावर तो पुरा करायचा का? आमचे मत, करू नये. अनुमान दगडाच्याच रंगात भरले की ते पुरावा होऊन बसते. फार तर फिक्या दोऱ्याने नुसती कड काढावी. मंदिर कुठवर आहे आणि आपली कल्पना कुठून सुरू होते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.