हेरगिरी व राजसुरक्षा, प्राचीन रोममधील

हेरगिरी व राजसुरक्षा, प्राचीन रोममधील : रोमन राज्यात ‘हेरखाते’ या नावाचे खाते कधीच नव्हते. बातमी काढण्याचे काम नेहमी दुसऱ्या कोणत्या तरी कामाला जोडून दिलेले असे. धान्याची व्यवस्था पाहणारा सैनिक, टपाल नेणारा जासूद, टिपणे घेणारा लेखनिक, मेजवानीत वाढणारा सेवक हेच राज्यकर्त्याचे कान. कौटिलीय अर्थशास्त्रात गूढपुरुषांची जशी सांगोपांग चर्चा आहे, तसा रोमन ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यामुळे या यंत्रणेचा इतिहास कटांच्या आणि खुनांच्या हकिकतींतून जुळवावा लागतो. त्या हकिकती लिहिणारे बहुतेक सिनेटच्या वर्गातले, म्हणजे ज्यांच्यावर पाळत होती तेच. त्यांच्या शब्दांतला कडवटपणा वजा करूनच त्या वाचायला हव्यात.

प्रजासत्ताकाच्या काळात सत्ता दोन कॉन्सलांकडे आणि तीही एकाच वर्षापुरती असे. अशा रचनेत कायमचे हेर ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती शस्त्र देणे. म्हणून प्रत्येक बडे घराणे आपले गुलाम, मुक्त केलेले दास आणि आश्रित यांच्याकडून आपली बातमी आपण काढी. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल असलेल्या सिसरोला कॅटिलाइनच्या कटाचा सुगावा लागला तो फुल्व्हिया नावाच्या स्त्रीकडून. कटातला क्विंटस क्युरिअस हा तिचा प्रियकर होता. कटवाल्यांनी मदतीसाठी गाठलेले गॉलमधील अ‍ॅलोब्रोजीस जमातीचे वकीलही सिसरोने फोडले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री मिल्व्हिअन पुलावर त्यांना पत्रांसकट अडवून लेखी पुरावा मिळवला. ज्यूलिअस सीझर गुप्त मजकूर लिहिताना प्रत्येक अक्षराऐवजी पुढचे तिसरे अक्षर वापरी. मात्र स्वतःच्या जिवाबाबत तो बेफिकीर राहिला. मृत्यूपूर्वी काही काळ त्याने आपले स्पॅनिश अंगरक्षक काढून टाकले होते, आणि इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सिनेटच्या बैठकीला जाताना वाटेत हाती दिलेली सावधगिरीची चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. बातमी वेळेवर पोचली, पण वाचली गेली नाही, असे या इतिहासात पुन्हा घडणार होते.

ऑगस्टसने (इ.स.पू. २७–इ.स. १४) सीझरच्या मरणातून धडा घेतला. त्याने प्रीटोरिअन दल कायमचे केले. दलाच्या नऊ तुकड्या होत्या, पण शहरात तीनच ठेवल्या आणि त्यांनाही पक्की छावणी दिली नाही. बाकीच्या आसपासच्या गावांत विखुरल्या. याखेरीज राईनकडच्या जर्मन जमातींतून, मुख्यतः बटेव्हियन लोकांतून, खासगी अंगरक्षक घेतले. त्यांना ना रोममध्ये गणगोत, ना तिथल्या राजकारणाशी देणेघेणे, हीच त्यांची लायकी. सरकारी टपालही त्यानेच सुरू केले. आधी टप्प्याटप्प्यावर धावणारी तरुण मुले होती, नंतर गाड्या आल्या आणि एकच जासूद शेवटपर्यंत जाऊ लागला. म्हणजे पत्राबरोबर त्यालाही समोर उभे करून वाटेत काय पाहिले ते विचारता येई.

टायबीरिअसच्या कारकिर्दीत दलप्रमुख सेजेनसने इ.स. २३ च्या सुमारास विखुरलेल्या तुकड्या शहराच्या वेशीवर एका तटबंद छावणीत आणल्या. संरक्षणाची सोय म्हणून केलेल्या या बदलाने पुढे सम्राट बनवण्याची आणि मारण्याची सत्ताच त्या तटाच्या आत गेली. त्याच काळात ‘डेलाटोर’ म्हणजे खासगी चुगलखोरांचा धंदा फोफावला. राजद्रोहाचा आरोप सिद्ध झाला की आरोपीच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा फिर्यादीला मिळे. टिटिअस सॅबायनसचे प्रकरण टॅसिटसने रंगवून सांगितले आहे. एका स्नेह्याने त्याला घरी नेऊन सम्राटाविरुद्ध बोलते केले आणि त्या वेळी तीन सिनेटर छत आणि माळवद यांच्यामधल्या पोकळीत फटींना कान लावून पडून होते. इ.स. २८ च्या वर्षारंभी सॅबायनसला ठार केले गेले. पगारी हेरांची गरज का भासली नसावी, ते यावरून कळते. काही दशकांनंतरचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस आणखी एक तऱ्हा सांगतो : साध्या वेशातला शिपाई शेजारी येऊन बसतो, स्वतःच सीझरला शिव्या देतो, ऐकणारा मोकळा झाला की त्याला पकडतो.

पहाऱ्याच्या अपयशाची यादी मोठी आहे. कलिग्युलाला इ.स. ४१ मध्ये मारले ते कॅशिअस कीरीआ या प्रीटोरिअन अधिकाऱ्यानेच. जर्मन अंगरक्षक धावून आले तोवर खेळ संपला होता. चिडून त्यांनी कटाशी संबंध नसलेल्यांनाही कापले. प्रीटोरिअनांनी क्लॉडिअसला पडद्यामागून ओढून सम्राट केले आणि त्याने प्रत्येकाला १५,००० सेस्टर्स देऊ केले. तिथून दलाचा भाव ठरून गेला. विषाची धास्ती असल्याने सम्राटांच्या पदरी अन्न चाखणारे सेवक असत. पण क्लॉडिअसचा मुलगा ब्रिटॅनिकस याच्या (इ.स. ५५) बाबतीत पेय चाखून झाले, ते फार गरम म्हणून परत केले आणि विष आले ते त्यात घातलेल्या थंड पाण्यातून. डोमिशनने फिरण्याच्या सज्जांना आरशासारखा चकाकणारा दगड बसवला, पाठीमागे कोण आहे ते दिसावे म्हणून. मारेकरी स्टेफेनस समोरूनच आला, दुखऱ्या हाताच्या खोट्या पट्टीत खंजीर लपवून (इ.स. ९६). सर्वांत लाजिरवाणा प्रसंग इ.स. १९३ चा. पर्टिनॅक्सला मारल्यावर प्रीटोरिअनांनी छावणीतून गादीचा लिलाव मांडला. डीओ कॅशिअसच्या सांगण्यानुसार मृत सम्राटाचा सासरा आतून बोली लावत होता, डिडिअस ज्यूलिएनस बाहेरून. बोटे वर करून माणशी २५,००० सेस्टर्सचा आकडा ज्यूलिएनसने दाखवला आणि गादी त्याला मिळाली. काही महिन्यांतच सेप्टिमिअस सेव्हीरसने ते दल बरखास्त करून स्वतःच्या सैन्यातून नवे भरले.

या सगळ्यात खऱ्या अर्थाने हेर म्हणावेत असे ‘फ्रुमेंटारी’. ‘फ्रुमेंटम’ म्हणजे धान्य. प्रांतोप्रांतीच्या लीजनांतून बदलीवर आलेले हे सैनिक. त्यांची छावणी रोममध्ये सीलिअन टेकडीवर, ‘कास्ट्रा पेरेग्रिना’ म्हणजे परक्यांची छावणी या नावाने. धान्यापासून निरोप, निरोपापासून बातमी, बातमीपासून अटक आणि प्रसंगी खून, अशी त्यांच्या कामाची वाढ झाली. प्रांतांत सतत जा-ये असल्याने त्यांचे कुठेही असणे संशयास्पद वाटत नसे. हेड्रिअनने त्यांना आपल्या मित्रांच्या मागावरही लावले. एका गृहस्थाने रजा मागितली तेव्हा सम्राटाने त्याच्या स्नानगृहांच्या आणि चैनीच्या नादाचा उद्धार केला. तो चकित होऊन म्हणाला की, बायकोने मला लिहिले तेच आपल्यालाही लिहिले काय! ‘हिस्टोरिया ऑगस्टा’तली ही गोष्ट आहे. तो ग्रंथ बेभरवशाचा असला, तरी लोकांच्या मनात फ्रुमेंटारींची प्रतिमा काय होती ते तिच्यातून नीट दिसते.

खेड्यांपर्यंत त्यांचा जाच पोचला होता. आशिया मायनरमधील लिडियात सापडलेल्या तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात शाही जमिनीवरच्या कुळांनी त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले आहे आणि असेच चालले तर जमीन सोडून जाऊ, अशी तंबीही दिली आहे. डिशस सम्राटाच्या वेळी, इ.स. २५० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशिअस याला पकडायला फ्रुमेंटारी सुटला. त्याने रस्ते, नद्या, शेते पालथी घातली. बिशप चार दिवस आपल्या घरीच बसला होता आणि तिथे शोधायचे हेराला सुचले नाही. बढतीची वाट मात्र मोठी होती. ऑक्लेटिनिअस अ‍ॅडव्हेंटस या छावणीचा प्रमुख होता. तो पुढे प्रीटोरिअन दलाचा प्रमुख आणि इ.स. २१८ मध्ये कॉन्सल झाला. त्याला वाचताही येत नव्हते, असे डीओ तुच्छतेने नोंदवतो.

इ.स. २१७ मध्ये कॅराकॅलाचा जीव टपालातल्या दिरंगाईने गेला. दुसरा दलप्रमुख मॅक्रायनस गादीवर बसेल असे आफ्रिकेतल्या एका भविष्यवाल्याने सांगितल्याची खबर रोममधून सम्राटाला लिहिली गेली. पण सम्राट मोहिमेवर, म्हणून त्याचे टपाल अँटिऑकमध्ये त्याची आई ज्यूलिआ डॉम्ना निवडून पुढे पाठवत असे. पत्र तिकडे वळले. तोवर मॅक्रायनसला दुसऱ्या स्नेह्याचे पत्र थेट मिळाले. त्याने वेळ दवडला नाही. ८ एप्रिलला करहीच्या वाटेवर सम्राट लघुशंकेला घोड्यावरून उतरला असता मार्शिआलिस नावाच्या सैनिकाने त्याला भोसकले.

डायोक्लीशनने (२८४–३०५) फ्रुमेंटारी बंद केले आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांच्या जागी ‘अजेंटेस इन रेबस’ हे मुलकी जासूद आले. शाही टपालाचे परवाने तपासण्याच्या निमित्ताने ते सगळीकडे नाक खुपसत. पूर्वेकडील साम्राज्यात इ.स. ४३० च्या कायद्याने त्यांची संख्या १,१७४ वर बांधली. कॉन्स्टंटाइनने ३१२ मध्ये प्रीटोरिअनही मोडले. दुसऱ्या कॉन्स्टँशिअसच्या दरबारात संशयाचा रोग किती मुरला होता, ते अमिएनस मार्सेलायनस सांगतो. पॉलस हा लेखनिक निरपराधांना आरोपांच्या साखळीत गुंतवण्यात इतका तरबेज की त्याचे टोपणनावच ‘साखळी’ पडले. मर्क्युरिअस हा भोजनगृहातला सेवक लोकांची स्वप्ने ऐकून सम्राटाला कळवी, म्हणून परक्यासमोर आपल्याला झोप लागली हेही कोणी कबूल करीना. इ.स. ३५५ मध्ये सिल्व्हेनस या सेनापतीच्या पत्रांतली सही ठेवून बाकी मजकूर पुसून टाकला गेला आणि बंडाचा मजकूर भरला गेला. बचावाला वाव नाही हे पाहून त्याने कोलोनमध्ये खरोखरच स्वतःला सम्राट जाहीर केले. तो अठ्ठावीस दिवस टिकला. त्याचा काटा काढायला गेलेल्या पथकात खुद्द अमिएनस होता. या प्रकरणात तो मोजून मापून लिहितो, ते बहुधा त्यामुळेच.

फ्रुमेंटारींच्या छावणीचे अवशेष आज रोममध्ये सान स्तेफानो रोतोंदो या गोल चर्चच्या खाली आहेत. तिथल्या एका शिलालेखात डोमिशिअस बॅसस या फ्रुमेंटारी सेंचुरिअनने सेव्हीरस अलेक्झांडर सम्राटाच्या क्षेमासाठी आणि सुखरूप परतीसाठी छावणीतले ज्युपिटरचे मंदिर स्वखर्चाने सजवल्याचे लिहिले आहे. तो सम्राट इ.स. २३५ मध्ये मायन्झजवळ आपल्याच सैनिकांच्या हातून आईसह मारला गेला.